पिकअप ‘पिकअप’ घेत नाही!

कोलाडचं राफ्टिंग झालं. काशिदचा बीच झाला. अलिबाग तर इतक्यांदा झालंय की तिथले घोडागाडीवालेसुद्धा आता आपल्याला ओळखीचं हसतात. मग या वीकेंडला काय? दिव्याहून किंवा पनवेलहून रोह्याची मेमू पकडा. पेण येऊ द्या, कासू येऊ द्या, नागोठणे येऊ द्या... आणि रोह्याच्या बरोब्बर एक स्टेशन आधी उतरा. निडी!

‘काय आहे तिथे?’ असं विचाराल तर प्रामाणिक उत्तर आहे, काही नाही. फलाट, भाताची खाचरं, पावसात अंगावर धावून येणारे हिरवे डोंगर, आणि गाडी निघून गेली की कानात घुमणारी बेडकांची ऑर्केस्ट्रा. सेल्फी पॉइंट नाही, कॅफे नाही. गंमत म्हणजे तुम्ही गोव्याला ट्रेनने गेला असाल तर निडीवरून गेलेले आहातच, फक्त झोपेत! १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत आले, त्याच्या पुढची कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाली. तेव्हापासून गोव्याच्या गाड्या निडीचा फलाट हादरवत जातात. थांबते ती आपली बिचारी पॅसेंजर.

मी तिथे दोन दिवसांसाठी गेले आणि आठवडाभर राहिले. कारण एक पिकअप.

गाडी मामांची. मामा म्हणजे मैत्रिणीचे मामा. पण मैत्रिणीचे मामा ते आपलेही मामा, हा कायदा रायगड जिल्ह्यात अजून कडक पाळला जातो. गाडीचं वय सतरा. कंपनी कुठली ते सोडा, तिच्यावर आता कंपनीचं फारसं काही उरलेलंही नाही. पत्रा तीन वेळा बदललेला, सीटवर मामींच्या जुन्या साडीचं कव्हर, काचेवर ‘आई एकविरा प्रसन्न’. वर्षभर ती विटा, भाताची पोती, मंडपाचं सामान, काय वाट्टेल ते वाहते. पण खरी कमाई पावसाळ्यात. गणपतीची!

पेणचे गणपती तुम्हाला ठाऊकच असतील. घरी मूर्ती आणताना बाबा ‘पेणचीच आहे ना?’ असं तीनदा विचारतात, तेच ते पेण. फक्त पेण शहर नाही, हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांत घरोघरी कारखाने आहेत. त्या मूर्ती मुंबई-ठाण्याला पोचतात त्या अशाच पिकअपमधून. हौद्यात खाली पेंढ्याचा जाड थर, दोन मूर्तींच्या मधे पुन्हा पेंढा, वर ताडपत्री. शाडूची मूर्ती जड असते, आणि तिची सोंड, बोटं, कान कमालीचे नाजूक. कुरिअरवाले खोक्यावर काचेच्या ग्लासाचं चित्र चिकटवतात. इथे कारखानदार ड्रायव्हरचा पाय बघतो. क्लच कसा सोडतो, ब्रेक कसा दाबतो, यावर त्याला काम मिळतं. मामांचा पाय हे त्या पट्ट्यातलं नावाजलेलं प्रकरण आहे.

आणि नेमकं जूनच्या शेवटी, कर्नाळ्याच्या खिंडीत, चढावर गाडीने दम सोडला. बंद पडली नाही. एक क्षण ओढ गेली, मग एकदम आली, असा दणका बसला की मागे दोन मूर्ती एकमेकींवर गेल्या. एकीचा हात गेला. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. मामांनी पैसे भरून दिले. कारखानदार चांगला माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘मामा, गाडी नीट करून आणा. दहा दिवस थांबतो, मग मला दुसरी बघावी लागेल.’’

मी पोचले तेव्हा त्यातले तीन दिवस गेले होते.

आता हा आजार नीट समजून घ्या. ऑफिसमध्ये तुमचा लॅपटॉप सकाळपासून हँग होतो, तुम्ही वैतागून आयटीवाल्याला बोलावता, तो येऊन उभा राहिला की लॅपटॉप शहाण्या मुलासारखा चालायला लागतो. बरोबर? मामांच्या गाडीचं डिट्टो तेच. गॅरेजच्या दारात एकदम फर्स्ट क्लास! घरी परतताना रोहा–नागोठणे रस्त्यावरच्या भिसे खिंडीत आली की ॲक्सिलरेटर दाबला तरी पुढे यायच्या ऐवजी विचारात पडणार. चार सेकंद. कधी पाच. मग हिसका देऊन पळणार. दोन दिवस काहीच नाही, तिसऱ्या दिवशी तीनदा. थोडक्यात, पिकअप पिकअप घेत नव्हती. (हा विनोद मी पहिल्याच दिवशी केला. मामा हसले नाहीत.)

तोवर तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्याने डिझेल फिल्टर बदलला. दोन दिवस बरी चालली, पुन्हा तेच. दुसऱ्याने नोझल खराब सांगितले. तिसऱ्या गॅरेजने पंप उतरवायला लागेल म्हणून अठ्ठावीस हजारांचा आकडा लिहून दिला, तोही गाडी पाच मिनिटं जागेवर रेझ करून. मामांच्या शर्टाच्या खिशात तो कागद घडी करून ठेवलेला असायचा. एका भंगारवाल्याने गाडीला लावलेली किंमत त्याच कागदाच्या मागे पेनाने लिहिलेली. ती मी इथे देत नाही, मामांना आवडणार नाही.

‘‘पंप केला आणि तरी नाय गेलं, तर?’’ मामा रात्री म्हणाले. ‘‘काय सांगू बाय, अठ्ठावीस हजार गेले तर सीझन फुकट गेला.’’

मामींनी तांदळाची भाकरी, सुकट आणि टाकळ्याची भाजी वाढली. जेवण इतकं भारी होतं की मला अपराधी वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मामीच म्हणाल्या, ‘‘रोह्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे का नाय जात?’’

या मिस्त्रींच्या गॅरेजला बोर्ड नाही. एक शेड, एक खड्डा, भिंतीवर पान्यांच्या आकाराच्या काळ्या सावल्या, आणि दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून प्रश्न विचारायला लागले. कधी होतं, सकाळी की दुपारी? इंजिन गरम असताना की थंड? चढावर की सपाटीला? भरलेली की रिकामी? टाकीत डिझेल किती होतं? सकाळी किती वेळ स्टार्टर मारावा लागतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडखळते तेव्हा धूर कसा येतो?

मामांकडे एकाचंही पक्कं उत्तर नव्हतं. ‘‘कधी पण होतं’’ हे त्यांचं म्हणणं. मिस्त्री म्हणाले, ‘‘कधी पण असं काय नसतं. आपलं लक्ष नसतं.’’ मग माझ्याकडे वळले. ‘‘तुम्ही पेपरात लिहिता ना? मग लिहा!’’

मास कॉमची डिग्री अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. पुढचे दिवस मी मामांच्या शेजारी वही घेऊन बसले. चढावर मात्र माझी जागा मागे हौद्यात, रेनकोट घालून, सायलेन्सरकडे बघत. रविवारी कोलाडकडे राफ्टिंगला निघालेल्या एका एसयूव्हीतल्या मुलांनी माझा फोटो काढला. काढू देत. त्यांना राफ्टिंगला मिळणारं पाणीसुद्धा भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं असतं, तेही १९२७ पासूनचं जुनं यंत्र आहे, आणि त्याचीही कोणीतरी अशीच निगा राखत असणार.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी: ‘मंगळवार, स. ११.४०. भिसे खिंड. सेकंड गिअर. काटा पावच्या खाली. आधी काळा धूर, मग धूर एकदम गायब. ४–५ सेकंद. मग हिसका.’

हे ‘गायब’ वाचून मिस्त्रींनी चष्मा नाकावर चढवला. जुनं डिझेल इंजिन चढावर थोडा काळा धूर टाकतंच. अडखळताना धूर वाढला असता तर हवा कमी पडतेय किंवा नोझल नीट फवारा मारत नाहीये असा संशय घेता आला असता. धूरच गेला याचा अर्थ त्या चार सेकंदांत जाळायला डिझेलच आलं नाही. इंजिन आजारी नव्हतं, उपाशी होतं.

इथे थोडं सायन्स. घाबरू नका, पटकन संपवते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हायची बाकी राहते, आणि त्यात डिझेलचा बारीक फवारा मारायचा. ते आपोआप पेटतं. फवारा मारायला जबरदस्त दाब लागतो, जुन्या गाडीतसुद्धा वातावरणाच्या दोनशेपट वगैरे. तो देतो पंप. सगळे मेकॅनिक त्याला ‘मायको पंप’ म्हणतात. बंगळूरची ती कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते, पण हायवेवरच्या शेडमध्ये मायको अमर आहे. आता एक सिरिंज घ्या, पाणी भरा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. हलत नाही. तीच सिरिंज हवेने भरून दाबा. दट्ट्या आत जातो आणि परत येतो, बाकी काही होत नाही. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंपाचं असंच होतं. तो दाबत राहतो, नोझल उघडतच नाही.

नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की एरर कोड येतो. मामांच्या गाडीला स्कॅनर लावायला सॉकेटच नाही! मग मिस्त्रींनी त्यांचा स्कॅनर काढला: हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी. फिल्टर आणि पंप यांच्या मधला काळा पाइप काढून तिथे ती बसवली, एअर काढली, इंजिन सुरू केलं. जागेवर काही नाही, नळीतून मधाच्या रंगाचं डिझेल वाहतंय. रेझ केलं. आणि मग दिसले... बारीक बारीक बुडबुडे, सोडा वॉटरसारखे, रांगेत. मी चक्क ओरडले.

पण हवा आत शिरतेय कुठून? मिस्त्रींनी पाच लिटरचा स्वच्छ कॅन हौद्याच्या पुढच्या बाजूला केबिनच्या मागे उंच बांधला, वेगळ्या पाइपने थेट पंपाला जोडला, रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला. गाडीची स्वतःची टाकी आणि तिथून येणारी लाइन, दोन्ही खेळाच्या बाहेर. (हा प्रयोग मिस्त्री शेजारी असल्याशिवाय करायचा नाही!) हौद्यात विटा भरून भिसे खिंड चढलो. उतरलो. पुन्हा चढलो. चार फेऱ्या, एकदाही अडखळली नाही. मामांनी खिशातला कागद काढून बघितला आणि परत ठेवला. पंप निर्दोष. नोझल निर्दोष. चोर टाकी आणि पंप यांच्या मधे कुठेतरी.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. आपण गळती म्हटलं की ओलं शोधतो. डिझेलचा थेंब, काळा डाग, वास. इथे काहीच ओलं नव्हतं, म्हणून आधीच्या तिघांनी त्या पाइपकडे बघितलंही नसावं. पण टाकीतून पंपाकडे येणाऱ्या लाइनवर दाब नसतो, ओढ असते. तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळं कोरडं ठणठणीत! मिस्त्री गाडीखाली गेले आणि टाकीजवळ, जिथे रबरी पाइप चॅसिसवरून वळतो, तिथे क्लिप सोडून त्यांनी पाइप वाकवला. सरळ असताना नवाकोरा. वाकवला की कातडी फाटावी तशा पाच-सहा भेगा. गाडी चढावर हलली, इंजिनाने जास्त डिझेल ओढलं, की त्या उघडायच्या. रात्री उभ्या गाडीत त्याच भेगांतून हवा शिरून लाइनमधलं डिझेल टाकीत परतायचं. सकाळी म्हणून स्टार्टर जास्त मारावा लागायचा. मामा दिवाळीपासून बॅटरीला शिव्या देत होते.

नवा पाइप, नव्या क्लिपा, बोल्टांचे तांब्याचे वायसरही नवे. जुने वायसर एकदा चेपले की पुन्हा नीट बसत नाहीत, पण दहा रुपये वाचवायला सगळे तेच लावतात. बुडबुडे गेले. सकाळी गाडी पहिल्या अर्ध्या हाकेला सुरू. मामींनी चिवणीचं कालवण केलं. संपली स्टोरी?

नाही ना!

दोन दिवसांनी आम्ही नागोठण्यावरून पेणकडे निघालो होतो. सपाट हायवे. टाकी जवळजवळ फुल, सकाळीच भरलेली. खिंड नाही, चढ नाही, काही नाही. आणि गाडी अडखळली. या वेळी चार सेकंद नाही, चांगली दहा सेकंद. मग पुन्हा. मामांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. कारखानदाराच्या मुदतीतला एक दिवस उरला होता.

मी वही उघडली. आधीच्या बहुतेक नोंदी टाकी कमी, चढ, सेकंड गिअर. ही नोंद त्यांच्यात बसतच नव्हती. मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘टाकीचं झाकण उघडा. हळू. कान जवळ ठेवा.’’

मामांनी झाकण फिरवलं. फुस्स्स!

कोकाकोलाची बाटली उघडल्यासारखा आवाज, फक्त उलटा. हवा आत गेली. झाकणाखाली एक प्लास्टिकची पिशवी होती, रबरबँडने घट्ट बांधलेली. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून मामांनी जूनच्या पहिल्या पावसात ती स्वतःच बांधली होती, आणि डिझेल भरलं की पंपावर पुन्हा नीट बांधून घ्यायचे. काळजीवाहू माणूस! पण टाकीच्या झाकणात एक बारीक भोक असतं ते उगाच नसतं. डिझेल जितकं कमी होईल तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. फ्रूटीचं खोकं स्ट्रॉने ओढता ओढता आत चिपकतं ना, तसं.

संध्याकाळी मिस्त्रींनी सगळं जोडून सांगितलं. पाइपच्या भेगा जुन्या, दिवाळीच्याही आधीच्या. त्यांचा त्रास फक्त सकाळी सुरू करताना. जूनमध्ये पिशवी बांधली. टाकीचा श्वास कोंडला, पंप जोर लावून ओढायला लागला, तेव्हा भेगांतून हवा यायला लागली आणि चढावरचे झटके सुरू झाले. पण त्याच भेगा टाकीला थोडा श्वासही देत होत्या! आपण पाइप नवा घातला आणि तो उरलेला श्वासही बंद केला. म्हणून आता सपाटीवर, लांब गेल्यावर, जास्त वेळ. फिल्टर बदलल्यावर दोन दिवस बरं का वाटलं? कारण त्या दिवशी एअर काढली होती, आणि घरी येताना डिझेल भरायला झाकण उघडलं होतं.

‘‘दोन चोर होते,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘एक पकडला की दुसरा बाहेर येतो.’’

पावसाचं काय मग? त्यांनी जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून झाकणावर झापडीसारखा लावला, वरून पाणी ओघळेल आणि खालून हवा जाईल असा. बिल झालं साडेसहाशे रुपये, त्यात पाइप, क्लिपा, वायसर आणि मजुरी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं, पण मिस्त्रींच्या हिशेबात त्या परंपरेचा पत्ता नव्हता. मामांनी हजार पुढे केले तर ते रागावले. शेवटी साडेसातशेवर तडजोड झाली आणि दोन चहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही हमरापूरला. कारखान्यात अजून ट्यूबलाइट चालू होत्या, एक मुलगा डोळ्यांची आखणी करत बसला होता, हात जराही न थरथरता. कारखानदाराने गाडीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, काही विचारलं नाही. बावीस मूर्ती भरल्या. पेंढा, मूर्ती, पेंढा. ताडपत्री बांधून झाल्यावर त्याने मला विचारलं, ‘‘तुम्ही पण चाललात?’’ मी म्हटलं, ‘‘डोंबिवलीपर्यंत.’’ माझं घर तिथेच, लिफ्ट कोण सोडेल!

कर्नाळ्याला पाऊस धो धो. समोरच्या ट्रकने वेग कमी केला, मामांनी सेकंड टाकला. दोघंही गप्प. वायपरचा आवाज, इंजिनाचा एकसुरी घरघराट. खिंड संपली, उतार लागला, तेव्हा मामांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातला तो कागद काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘‘काचेवर वाफ धरतेय बाय, पूस जरा.’’